हुशारीची गोळी आणि मयड्याची केळी

परीक्षा जवळ आल्या की आमच्या म्हापशाच्या फार्मसीतली गिऱ्हाइकं बदलतात. एरवी रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्या आया ब्राह्मीच्या सिरपची बाटली उलटीपालटी करत "ह्यानं लक्षात राहतं ना हो?" म्हणून विचारतात. गेल्या वर्षी मात्र बारावीतला एक मुलगा आला. दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, त्या सिनेमातल्यासारखी गोळी खरंच असते?"

कुठला सिनेमा ते विचारावं लागलं नाही. २०११ सालचा 'लिमिटलेस'. एक ओळ लिहायची मारामार असलेला लेखक एक पारदर्शक गोळी गिळतो आणि रखडलेली कादंबरी हातावेगळी करतो. मग परक्या भाषा, शेअर बाजार, सगळंच. मी दोनदा पाहिलाय, मजा येते. दुसऱ्या वेळी मात्र एक गंमत ध्यानात आली. गोळी लागू पडली हे आपल्याला कळतं ते रंगांवरून. मघाचं फिकट, मळकट चित्र एकदम उबदार सोनेरी होतं. पण त्याला नेमकं सुचलं काय, आणि ते आपल्याला का सुचलं नसतं, याचा पडद्यावर पत्ता नाही. असणार तरी कसा? लिहिणाऱ्याला स्वतःपेक्षा हुशार माणसाच्या डोक्यात शिरता येत नाही. हुशार झाल्यासारखं वाटणं तेवढं त्याला रंगवता येतं.

डॅनियल कीझ यांनी १९५९ साली 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' या कथेत ही अडचण झकास सोडवली. तिथं गोळी नाही, शस्त्रक्रिया आहे. बुद्धीनं मागे राहिलेला चार्ली स्वतःच टिपणं लिहितो. आधी शब्दाशब्दाला चूक, मग वाक्यं सुधारत जातात, आणि शेवटी त्याच चुका एकेक करून परत येतात. ती उतरण वाचताना पोटात कालवतं. अल्जर्नन हा चार्लीच्या आधी तीच शस्त्रक्रिया झालेला प्रयोगशाळेतला उंदीर.

तसा उंदीर खरोखर जन्मला तो १९९९ साली, प्रिन्स्टन विद्यापीठात. मेंदूतल्या दोन पेशी एकाच वेळी जाग्या झाल्या की त्यांच्यातलं नातं घट्ट होतं, आणि आठवणीची सुरुवात तिथं होते. 'दोघी एकदम जाग्या झाल्या' हे ओळखणारं एक दार पेशीच्या अंगावर असतं. लहानपणी ते जास्त वेळ उघडं राहतं, वय वाढलं की लवकर मिटतं. ज्यो त्सिएन आणि सहकाऱ्यांनी एका जनुकाची मात्रा वाढवून ते दार मोठेपणीही लहानपणासारखं ठेवलं. हे उंदीर पाहिलेल्या वस्तू जास्त दिवस ओळखत, वाटाही लवकर शिकत. पुढं दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधकांना दिसलं की अशा उंदरांना चिवट, रेंगाळणारं दुखणंही जास्त जाणवतं. आठवण घट्ट धरून ठेवणारी यंत्रणा दुखणंही तसंच धरून ठेवते. मेंदूत एकाच कामापुरता स्क्रू सहसा नसतो.

आता खऱ्या गोळ्या. हुशारीसाठी म्हणून चोरून घेतल्या जातात त्या मुख्यतः तीन: मेथिलफेनिडेट, मोडाफिनिल आणि अ‍ॅम्फेटामाइनच्या जातीची औषधं. डॉक्टर ही देतात ती लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी किंवा दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी. ज्यांना तो आजार आहे त्यांचं आयुष्य त्यांनी मार्गी लागतं, याबद्दल शंका नको. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही, देणारही नाही. प्रश्न आहे धडधाकट माणसाचा.

त्यावर मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो आमच्या बाजारात आणून सांगतो. शुक्रवारी तुम्ही एकच पिशवी घेऊन म्हापशाला आलात. वजन पेलेल तेवढंच घ्यायचं. समोर मयड्याची केळी, हरमलची मिरची, आगशीची वांगी, नारळ, कोकमं. प्रत्येकाचं वजन वेगळं, घरी त्याचं मोल वेगळं. काय घेतलं म्हणजे पिशवी सर्वांत मोलाची होईल? सोपं वाटतं, पण नुसते दहा जिन्नस असले तरी घ्यायच्या-सोडायच्या १,०२४ तऱ्हा होतात. मिरची काढून केळी घाला, केळी काढून दोन नारळ घाला, असं चालू राहतं.

४० निरोगी माणसांना अशीच कोडी दिली. प्रत्येकाला आळीपाळीनं तिन्ही औषधं आणि एकदा खोटी गोळी, म्हणजे आत औषधच नसलेली. औषध घेतलेला माणूस कोड्यापाशी जास्त वेळ बसला, पिशवीत जास्त वेळा काढ-घाल केली, झटझट केली. कष्टात कसूर नाही. पण ती काढ-घाल विस्कळीत झाली आणि दर हालचालीमागे पदरात पडणारं मोल घटलं. खोट्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते, त्यांतले बरेच औषधावर सरासरीच्या खाली उतरले!

याचं कारण डोपामाइनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनात असावं. मेथिलफेनिडेटमुळे पेशींच्या फटीत डोपामाइन रेंगाळतं, आणि मेंदू 'हे करण्यात किती त्रास' यापेक्षा 'यातून काय मिळेल' याकडं जास्त बघू लागतो. म्हणजे कामाचा कंटाळा पळतो, पण काम कसं करावं याची अक्कल त्यात विरघळलेली नसते. त्यात डोपामाइन कमी पडलं तरी बिघडतं, आणि ज्याचं आधीच पुरेसं आहे त्याला वरून आणखी दिलं तरी बिघडतं. आमटीत मीठ तसं.

याहून बोलका निकाल २०१३ सालचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. ४६ निरोगी तरुणांना अ‍ॅम्फेटामाइनचं मिश्रण आणि खोटी गोळी देऊन स्मरण, कल्पकता, बुद्धी अशा १३ बाजूंनी तपासलं. गुणांत म्हणावा असा फरक जवळजवळ कुठंच नाही. पण खऱ्या गोळीच्या दिवशी आपण जास्त चांगलं केलं असं त्या मुलांना मनापासून वाटत होतं. सिनेमातला सोनेरी उजेड तो हाच. दिग्दर्शक नकळत बरोबर होता म्हणायचं.

आणि 'वाटण्या'चं शास्त्र म्हटलं की गोंयकाराला पणजीचा पुतळा आठवणारच. जुन्या सचिवालयाशेजारी हात पसरून उभा असलेला, संमोहन करणारा पाद्री आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला. आपल्याकडे आख्यायिका सांगतात की पोर्तुगालच्या राणीपुढं प्रवचनाला उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा बापानं खालून कोंकणीत पुटपुटलं, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" आणि वाणी धबधब्यासारखी सुटली. घडलं असेल, नसेल. पण पुढं पॅरिसमध्ये संमोहन करताना याच माणसानं सांगितलं की संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसलंही चुंबकी द्रव्य वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. त्याचं पुस्तक आलं १८१९ साली. बापाच्या त्या तीन शब्दांत औषधाची मात्रा शून्य मिलिग्रॅम होती.

यातलं जमेल तेवढं मी त्या मुलाला काउंटरवरच सांगितलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं झाली, तरी तो थांबला. रात्री काय घेतोस विचारलं, तर दहा वाजता कडक कॉफी. म्हटलं, बाबा, कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पहाटे तीनला अर्धा कप तुझ्या डोक्यात शिल्लक असतो, आणि दिवसभर वाचलेलं मेंदू मुरवतो ते झोपेत.

त्यानं मान हलवली. मग मागच्या फळीकडं बोट करून ब्राह्मीची बाटली मागितली. ब्राह्मीनं आठवण थोडी सुधारल्याचं काही चाचण्यांत दिसलंय, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्या बारा आठवड्यांच्या आहेत. त्याच्या परीक्षेला बारा दिवस होते. तेही सांगितलं.

"माहीत आहे काका," पैसे मोजत तो म्हणाला, "आईनं सांगितलंय आणायला. तिला बरं वाटेल."