काकडी कडू का निघते?

देठाकडचा तुकडा कापायचा, तोच कापलेल्या भागावर गोल गोल घासायचा आणि पांढरा फेस आला की धुऊन टाकायचा. अनेक घरांत काकडी चिरण्याआधी हे ठरलेलंच असतं. यात खरं काम करतं ते कापणं. फेस येतो तो काकडीच्या शिरांमधल्या रसाचा. गरात मुरलेला कडूपणा घासून बाहेर येत नाही. पण तो देठाजवळ आणि सालीखाली जास्त साठतो, म्हणून तिकडचा इंचभर तुकडा काढून टाकलेला बरा.

हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा. कुरतडणाऱ्या किडींपासून बचाव म्हणून वेल ते तयार करते. हिमालयाच्या पायथ्याशी काकडीची रानटी जात आजही उगवते. तिची फळं लहान आणि कडूजहर. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू फळांचं बी राखत आजची काकडी घडवली. फळात कडूपणा आणणारं जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये उजेडात आणलं. तरीही वेलीला पाण्याचा ताण पडला, ऊन फार तापलं, की एखादी काकडी कडू निघतेच. आधी फोड चाखून बघा आणि फार कडू लागली तर सरळ फेकून द्या. काकडी असो वा दुधी, कडू फळ हट्टानं खाल्लं किंवा रस काढून प्यायलं तर उलट्या-जुलाब होतात. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलीही आहेत.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी. सालीसकट १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी, १५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि १६ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व मिळतं. म्हणजे ही काही पौष्टिकतेची खाण नव्हे, आणि काकडीनं चरबी वितळते वगैरे दाव्यांत तथ्य नाही. पण उन्हाळ्यात पोटाला हलकं आणि पाण्यानं भरलेलं असं दुसरं काय इतक्या स्वस्तात मिळतं? साल मात्र काढू नका. तंतू आणि के जीवनसत्त्व तिच्यात जास्त असतं. स्वच्छ धुतलेली, कोवळी काकडी सालीसकटच खावी.

के जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. त्यामुळे खमंग काकडीत दाण्याचं कूट आणि वरून तुपाची जिऱ्याची फोडणी पडते, ती नुसती चवीपुरती राहत नाही. ते अंगी लागायला तिची मदतच होते. मीठ मात्र वाढायच्या वेळीच घाला. मीठ लागलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि कोशिंबिरीचं सार होतं. चोचवलेली काकडी पिळून घेतलीत तर ते पाणी मोरीत ओतू नका. पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व त्यातच उतरलेलं असतं. थालीपिठाचं पीठ त्यातच भिजवा, वेगळं पाणी फारसं लागत नाही.

कोकणात पावसाळ्यात मांडवावर जाडजूड तवसं, म्हणजे मोठाल्या काकड्या, लोंबतात. ती जून झाली की कोशिंबिरीला चालत नाहीत, पण किसून, रवा आणि गूळ घालून त्यांचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, फार सुरेख होतं.