अराता ‘परदेशी’ म्हणून भारताकडून खेळला का?

‘इझुमी अराता जपानी असूनही भारताकडून खेळला, मग परदेशस्थ भारतीयांना का नाही?’ फुटबॉलच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे.

वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि पुढे पुणे एफसीकडून हा मिडफिल्डर खेळत होता, तेव्हा त्याच्याकडे जपानी पासपोर्टच होता, म्हणजे क्लबच्या यादीत तो परदेशीच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडलं, 2012 मध्ये भारतीय झाला. नवीन नाव नीलकंठ खंभोळजा! पुणे एफसीच्या घरच्या मैदानावर, बालेवाडीत मात्र तो शेवटपर्यंत अराताच. निळी जर्सी मिळाली 2013 मध्ये, तीही भारतीय पासपोर्टवरच.