पार्किन्सनमधला कंप आणि डिस्कायनेशिया: डीबीएसने नेमकं काय थांबतं?

पार्किन्सनच्या पेशंटचं अंग हलायला लागलं की घरचे लगेच म्हणतात कंप वाढला, गोळी वाढवून घ्या. पण हलणं दोन जातीचं असतं, आणि दुसऱ्या जातीत गोळी वाढवली तर ते अजूनच वाढतं.

कंपाला लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, हात मांडीवर निवांत पडलेला असताना जास्त, कप उचलायला गेलं की बरेचदा कमी, आणि गोळीचा असर उतरला की परत सुरू. डिस्कायनेशियाला लय-बिय काही नाही, मान, खांदे, धड सगळं वळवळतं, आणि तेही बहुतेकदा गोळी पूर्ण चढलेली असताना. म्हणजे हा आजारापेक्षा वर्षानुवर्षं घेतलेल्या लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीतलं औषध) प्रताप जास्त. (गोळ्या चालू असताना वरून खाजकुयलीची पावडर घेणाऱ्यांनो, तिच्यातही लेव्होडोपाच असतो, डॉक्टरांना सांगा तरी.)

आता डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: ऑपरेशन करून मेंदूत बारीक वायर टाकायची आणि अंगात बसवलेल्या मशीनमधून तिला करंट द्यायचा. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात वायर टाकून साधारण १३० हर्ट्झचा करंट दिला तर कंप थांबला, पण ताठरपणा आणि मंदपणा तसाच राहिला, म्हणून पुढे १९९३ च्या सुमारास त्याच्या खालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या भागाकडे गेले. तिथे कंप, ताठरपणा, मंदपणा तिन्ही उतरतात आणि गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, त्यामुळे डिस्कायनेशियाही कमी होतो, मुख्यतः डोस घटल्यामुळे. ग्लोबस पॅलिडस या मेंदूतल्या दुसऱ्या भागात वायर टाकली तर उलटं, डोस फारसा उतरत नाही पण डिस्कायनेशिया थेट दबतो. त्यामुळे ‘कुठली जागा बेस्ट’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो, आधी त्रास कुठल्या हलण्याचा आहे ते बघा ना.

ऑपरेशनआधी गोळी देऊन टेस्ट करतात, गोळीने जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं. कंप याला अपवाद, गोळीला न जुमानणारा कंपही करंटला ऐकतो. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल किंवा बोलणं अस्पष्ट असेल तर मात्र त्यात फरकाची आशा धरू नका, बोलणं कधीकधी बिघडतंसुद्धा.

आणि एक, सबथॅलॅमिकवाल्यांना करंट वाढवल्यावर सुरुवातीला डिस्कायनेशिया होऊ शकतो. घरचे घाबरतात, मशीन बिघडलं म्हणतात, पण बरेच डॉक्टर ते वायर योग्य जागी बसल्याचं लक्षण मानतात, मग गोळ्या कमी करत करंट हळूहळू चढवतात.