नाशिकची कृषी महाविद्यालये आणि बांधावर जाण्याचा खर्च : पार्श्वभूमी

निफाडजवळच्या कुंदेवाडी येथे गहू संशोधनाचे केंद्र 1932 साली सुरू झाले. परंतु शेतीची पदवी देणारे शासकीय महाविद्यालय नाशिक जिल्ह्यात यायला त्यानंतर जवळपास 90 वर्षे जावी लागली. मधल्या काळात ती जागा शिक्षण संस्थांच्या विनाअनुदानित कृषी महाविद्यालयांनी भरून काढली. संशोधन सरकारी खर्चाने, पदवीचे शिक्षण विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे काम जमेल तसे, अशी ही विभागणी कोणी ठरवून केलेली नाही. ती कशी घडत गेली हे पाहिल्याशिवाय ‘कृषी महाविद्यालयाचा शेतकऱ्याला उपयोग काय’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही.

मुंबई इलाख्यात शेतीचे उच्च शिक्षण पुण्यात सुरू झाले. तिथल्या सायन्स कॉलेजात 1879 साली शेतीचे वर्ग निघाले आणि 1907च्या सुमारास स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. दुष्काळानंतर सरकारला शेती खाते हवे होते आणि त्या खात्याला अधिकारी हवे होते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. शेतकऱ्याच्या मुलाने शिकून पुन्हा शेतीत उतरावे, हा विचार त्या आखणीत दुय्यमच होता. तो विचार मांडला महात्मा जोतीराव फुले यांनी. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे 1882 साली दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेतच शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि त्यासाठी छोटी नमुना शेते असावीत, असे सुचवले होते. पुढे ज्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नाशिक आले, त्याला त्यांचेच नाव मिळाले. त्यांची प्राथमिक शाळेविषयीची सूचना मात्र बरीचशी कागदावरच राहिली.

पुण्याच्या महाविद्यालयाने एक वेगळी वाटही दाखवली होती. तिथले प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि 1917 साली ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती आणि कोणाचे, एका कुटुंबाचे शेतीवर भागते का, हे प्रश्न त्यांनी घरोघरी जाऊन विचारले. महाविद्यालयाने गावाला शिकवण्याआधी गावाकडून शिकून घ्यावे, अशी ही रीत होती. आजही चौथ्या वर्षाचा विद्यार्थी गावाची माहिती गोळा करून तक्ते भरतो, पण त्या तक्त्यांचे पुढे काय होते हा वेगळा विषय आहे.

नाशिककडे शिक्षणाचा पैसा निराळ्या मार्गाने आला. बहुजन समाजातील मुलांसाठी 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले आणि त्याच्या केंद्रस्थानी वसतिगृह होते. उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला 1920 साली राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसवली गेली. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर आधी त्याची राहण्या-जेवण्याची सोय झाली पाहिजे, शाळा त्यानंतर, हे या कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते आणि तो खर्च देणग्यांवर, वर्गणीवर व समाजाच्या आधारावर चालला. नंतरच्या पिढीत सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या कर्मवीर काकासाहेब वाघ यांच्या नावाने 1970 साली आणखी एक शिक्षण संस्था उभी राहिली. नाशिकमधील प्रमुख खासगी कृषी महाविद्यालयांपैकी दोन याच दोन संस्थांची आहेत. शेतकरी कुटुंबांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या संस्थांना शेतकऱ्यांच्याच मुलांकडून शुल्क घेऊन कृषी महाविद्यालय चालवावे लागते, हा विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

कृषी विद्यापीठांचा सरकारी सांगाडा मात्र या संस्थांपेक्षा निराळ्या तत्त्वावर रचलेला होता. अमेरिकेत सरकारने दिलेल्या जमिनींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांचा नमुना घेऊन 1960 साली पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ते ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे) ही तिन्ही कामे एकाच छताखाली असावीत, हा त्या नमुन्याचा गाभा होता. महाराष्ट्रात 1968 साली राहुरीला असे विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर 1969 साली अकोल्याचे आणि 1972 साली परभणी व दापोलीचे विद्यापीठ वेगळे झाले, तेव्हा नाशिक राहुरीकडे राहिले. शासकीय महाविद्यालये पुणे, धुळे आणि कोल्हापूर येथे होती. नाशिकच्या वाट्याला संशोधन केंद्रे आली. गव्हासाठी निफाड, भात व नागलीसाठी इगतपुरी आणि कांद्यासाठी पिंपळगाव बसवंत अशी त्यांची ठिकाणे होती. जिल्ह्यातल्या मुलाला कृषी पदवी हवी असेल तर मात्र त्याने पुण्याची किंवा धुळ्याची वाट धरायची.

या केंद्रांचे काम लहान नव्हते. निफाडने दिलेल्या गव्हाच्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, पंचवटी अशी नावे आहेत, म्हणजे जिल्ह्याचे तीर्थमाहात्म्य बियाण्याच्या पिशवीवर छापून राज्यभर गेले. याच परिसरातल्या स्थानिक कांद्यातून निवड करून काढलेला एन-53 खरिपासाठी आणि एन-2-4-1 उन्हाळ कांद्यासाठी वर्षानुवर्षे लावला गेला. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत काही महिने टिकतो. म्हणून तर शेतकरी भाव येईपर्यंत थांबू शकतो. शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची ही ताकद देणारे संशोधन सरकारी पैशातून झाले, ही गोष्ट खासगीकरणाच्या चर्चेत फारशी आठवली जात नाही.

द्राक्षात गोष्ट उलटी घडली. तिथे शेतकरी पुढे गेला आणि महाविद्यालय मागून आले. द्राक्ष बागायतदारांचा राज्यव्यापी संघ 1960च्या आसपासच उभा राहिला होता आणि छाटणी, खुंट, संजीवकांचा (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा) वापर याविषयीची बरीच माहिती बागायतदार एकमेकांच्या बागेत उभे राहून घेत होते. हळूहळू शुल्क घेऊन बागेत येणारा सल्लागार ही नाशिकची स्वतंत्र व्यवस्थाच बनली. भावाचा प्रश्नही वर्गाबाहेरच राहिला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1980 साली कांदा आणि उसाच्या भावासाठी रेल्वे व रस्ते अडवले गेले, निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला गोळीबार झाला, पण कृषी पदवीचा अभ्यासक्रम त्यानंतरही बराच काळ प्रामुख्याने उत्पादनाभोवतीच फिरत राहिला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश सापडल्याने 2010 साली युरोपात द्राक्षे नाकारली गेली आणि नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांना मोठा फटका बसला, तेव्हा फवारणी आणि काढणी यांतल्या कालावधीचे गणित एका हंगामात सगळ्यांना पाठ करावे लागले. हा धडा पुस्तकातून नव्हे, तर परत आलेल्या कंटेनरमधून आला.

आता पैशाकडे यावे. विनाअनुदानित कृषी महाविद्यालयाचे मुख्य उत्पन्न म्हणजे विद्यार्थ्यांचे शुल्क. त्यातून प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि नियमानुसार लागणारे प्रक्षेत्र, म्हणजे महाविद्यालयाची शेती, सांभाळायचे असते. प्रक्षेत्र हा वरून जमेचा वाटणारा, प्रत्यक्षात खर्चाचा भाग आहे. तिथे मजूर लागतात, वीज-पाणी लागते, आणि विद्यार्थ्यांच्या सरावासाठी दहा प्रकारची पिके थोडी थोडी लावायची असल्याने एकाही पिकातून धड पैसा होत नाही. शुल्काचा मोठा हिस्सा शिष्यवृत्ती आणि प्रतिपूर्तीच्या योजनांतून शासनाकडून येतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांचा आधार अनेकांना मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना 2024-25पासून उत्पन्नाच्या मर्यादेत पूर्ण शुल्कमाफीही मिळते. पण प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा आली की खर्चाला कात्री लागते, आणि ती बहुधा पगार किंवा विजेच्या बिलाला लागत नाही. ती सहलीला, गाडीच्या डिझेलला, गावातल्या कार्यक्रमाला लागते.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर चार वर्षे आठ सत्रांत विभागलेली असतात. सामाईक प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी, आणि कागदपत्रांच्या गठ्ठ्यात सातबारा उतारा, अशी सुरुवात होते. सकाळी प्रक्षेत्रावरचे प्रात्यक्षिक, दुपारी वर्ग, संध्याकाळी मेस. वाफा आखण्यापासून काढणीपर्यंत एक पीक स्वतःच्या वाट्याच्या तुकड्यावर घ्यायचे असते आणि ज्याचे घर शेतीचे आहे त्याला इथे फारसे नवे वाटत नाही. नवे वाटते ते नोंदवहीत प्रत्येक खर्च लिहिणे, कारण घरी तो हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके दिसू लागतात. राज्य कृषी सेवा, बँकेतील कृषी अधिकारी, खते-औषधांच्या कंपन्यांतील विक्रीचे काम आणि स्वतःचे कृषी सेवा केंद्र, हे नेहमीचे रस्ते आहेत. पदवी घेऊन पूर्णवेळ शेती करणाराही असतो, पण घरच्यांच्या मनात तो पहिला पर्याय नसतो.

शेतकऱ्यांची सेवा या शब्दांत जे काही येते, त्यातला सर्वांत ठळक भाग सातव्या सत्रात येतो. ग्रामीण कृषी कार्यानुभव, विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘रावे’. देशातील कृषी पदवीच्या फेररचनेत रंधावा समितीने 1992 साली अशा अनुभवाची शिफारस केली आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पुढच्या अधिष्ठाता (डीन) समित्यांनी तो पक्का केला. पाचव्या समितीच्या आराखड्यात त्याला औद्योगिक अनुभवासह 20 श्रेयांक (क्रेडिट) आहेत. कृषिदूत आणि कृषिकन्या या नावाने मुले-मुली गावात जातात, ग्रामपंचायतीत ओळख होते, माती नमुना, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, मुरघास यांची प्रात्यक्षिके होतात.

त्यातले एक जवळून पाहण्यासारखे आहे. एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करायचे तर 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे, आणि शेवटी लोखंडी सळई किंवा विळा त्यात बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घाला. दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदारासमोर हे करून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था कशी होत असेल याची कल्पना करता येते. त्या शेतकऱ्याने हे मिश्रण कित्येक पावसाळे केलेले असते. पण मोरचूद धातूच्या भांड्यात का भिजवायचे नाही आणि मिश्रण त्याच दिवशी का संपवायचे, याचे कारण विद्यार्थी सांगू शकला तर दोघांचाही वेळ सत्कारणी लागतो. कार्यक्रम चांगला झाला की वाईट, हे बहुतेकदा विद्यार्थ्याला ‘कसे’च्या पुढचे ‘का’ माहीत आहे की नाही यावरच ठरते.

खर्चाच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था अवघडलेली आहे. गावात राहणे किंवा रोज ये-जा करणे, प्रात्यक्षिकाचे साहित्य, फलक, छपाई, यांचा भार अनेकदा विद्यार्थ्याच्या घरावरच पडतो. म्हणजे पंतनगरच्या नमुन्यातील विस्ताराचे तिसरे काम, ज्यासाठी सरकारी विद्यापीठात वेगळे कर्मचारी आणि वेगळी तरतूद असते, ते विनाअनुदानित महाविद्यालयात चौथ्या वर्षाच्या मुलांच्या एका सत्रावर येऊन टेकते. त्याच्याशी तुलना करावी ती कृषी विज्ञान केंद्राची. देशातील पहिले केंद्र 1974 साली पुद्दुचेरीला निघाले. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने असे केंद्र चालवले आहे. ही केंद्रे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या निधीवर चालतात, एका केंद्रासाठी 16 पदांचा आकृतिबंध असतो आणि शेतकऱ्याच्या शेतावर चाचणी घेणे हे तिथल्या विषय विशेषज्ञाचे पगारी काम असते. मुक्त विद्यापीठाचा दुसराही उपयोग झाला. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कृषी पदविकांमुळे महाविद्यालयात कधीच न गेलेल्या शेतकऱ्यालाही घरची बाग सांभाळून अभ्यास करता आला.

मालेगाव तालुक्यातल्या काष्टी येथे आता शासनाचे कृषी विज्ञान संकुल उभे राहिले आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातल्या डाळिंब आणि कांदा उत्पादकाला त्यामुळे सरकारी महाविद्यालय प्रथमच हाकेच्या अंतरावर आले. खासगी महाविद्यालये मुख्यतः नाशिक शहर आणि बागायती पट्ट्याच्या आसपास आहेत, आणि ये-जा करण्याचा खर्च विद्यार्थ्यावर असेल तोवर कार्यानुभवासाठी रस्त्यालगतचीच गावे सोयीची ठरणार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत भात, नागली आणि वरई पिकते. तिथल्या शेतकऱ्याला शुल्क घेणारा सल्लागार परवडत नाही आणि तो तिकडे फिरकतही नाही. चौथ्या वर्षाच्या मुलांना काही महिने त्या पाड्यांवर ठेवायचे असेल, तर राहण्याची सोय आणि निर्वाहाची रक्कम महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात किंवा शासनाच्या तरतुदीत वेगळी दाखवावी लागेल.