रॉकेटला रंग कुठला द्यायचा?

पुठ्ठ्याची फूटभर लांब नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे तीन-चार पंख, प्लॅस्टिकचं निमुळतं टोक म्हणजे नोजकोन, आणि बुडाशी बंदुकीची दारू ठासलेली बोटाएवढी मोटर. झालं मॉडेल रॉकेट! हा छंद मूळचा अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये आपल्या भावाला व्याख्यानात दाखवायला म्हणून असं पहिलं रॉकेट केलं. पुढे कोलोरॅडोतल्या व्हर्न एस्टिस यांनी मोटरी भराभर तयार करणारं यंत्र बनवलं आणि हे वेड घरोघरी पोचलं.

मोटरवर ‘सी ६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं. सी हा एकूण जोराचा वर्ग, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन आणि ५ म्हणजे दारू जळून गेल्यावर किती सेकंदांनी छत्री (पॅराशूट) बाहेर फेकायची तो आकडा. दारू जळते दोनेक सेकंद. तेवढ्यात रॉकेट सेकंदाला शंभरेक मीटरचा वेग गाठतं आणि तीनशे मीटरच्या आसपास पोचून छत्रीनं खाली येतं. एवढ्याशा उड्डाणासाठी माणसं रंगकामावर आठवडा घालवतात, आणि त्यातला बराच वेळ चुकीच्या गोष्टीवर घालवतात असं माझं मत आहे.

आधी रंग बघू. बहुतेकांना वाटतं की भडक रंग दिला की रॉकेट वर दूरवर दिसेल. आता हिशेब करून बघा. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला एवढ्या कोनातले दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. तीनशे मीटरवर हा कोन सुमारे ९ सेंटिमीटरचा होतो. आपली नळी अडीच सेंटिमीटर जाड. म्हणजे वर पोचलेलं रॉकेट डोळ्याला आकार म्हणून दिसतच नाही, नुसती रेघ किंवा कण दिसतो. शिवाय रंग ओळखायची डोळ्याची बारकाई उजेड-अंधाराच्या बारकाईपेक्षा कमीच असते. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर, जिथे आपण सगळ्यात स्पष्ट बघतो तिथे, निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. तेव्हा वर गेलेलं रॉकेट लाल की केशरी हे डोळा सांगूच शकत नाही. ते आभाळापेक्षा गडद आहे की उजळ, एवढंच कळतं.

ढगाळ दिवशी आभाळ पांढरंफेक असतं आणि आपण खालून रॉकेटची सावलीतली बाजू बघत असतो. अशा वेळी काळ्यासारखा रंग नाही. पांढरं रॉकेट अशा आभाळात अक्षरशः विरघळतं. स्वच्छ निळ्या आभाळात ऊन पाठीशी असेल तर पांढरं किंवा चकचकीत चंदेरी रॉकेट चमकून दिसतं, पण ऊन समोर असेल तर त्याचाही काळा ठिपका होतो. म्हणजे काळा सगळीकडे थोडाफार चालतो, बाकीचे हवामानावर अवलंबून. हौशी मंडळी काळ्याला नाक मुरडतात. दुकानात तो मरगळलेला वाटतो हे खरंच आहे.

काळा-पांढरा ही जोडी मोठ्या रॉकेटांवर आली तीही डोळ्यासाठीच, पण वेगळ्या कामाला. जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ या युद्धातल्या रॉकेटच्या चाचण्या चालू होत्या, त्यांतली पहिली यशस्वी ३ ऑक्टोबर १९४२ ची. तिथल्या चाचणीच्या रॉकेटांवर काळे-पांढरे मोठे चौकोन रंगवत. रॉकेट एकाच रंगाचं असेल तर ते स्वतःभोवती गिरकी घेतंय की नाही हे फिल्मवर कळत नाही. चौकोन असले की कुठल्या क्षणी काळा समोर आला आणि कुठल्या क्षणी पांढरा, हे चित्रांवरून मोजता येतं. तेच अभियंते पुढे अमेरिकेत गेले आणि ही पद्धत रेडस्टोन, सॅटर्न अशी करत चंद्रावर माणसं नेणाऱ्या ११० मीटर उंच सॅटर्न-५ पर्यंत आली.

सॅटर्न-५ ची प्रतिकृती करणाऱ्यांसाठी इथे एक खोच आहे. १९६६ च्या मे महिन्यात केनेडी स्पेस सेंटरमध्ये जे पहिलं सॅटर्न-५ बाहेर आणलं ते उडायचं नव्हतंच. इमारती, मनोरा, नळजोडण्या तपासायला बनवलेलं ते ‘५००-एफ’. त्याच्या पहिल्या टप्प्यात, दोन टाक्यांच्या मधल्या भागावर काळा रंग होता. फ्लोरिडाच्या उन्हात तो भाग भलताच तापू लागला, म्हणून प्रत्यक्ष उडालेल्या यानांवर तिथला काळा काढून पांढरा केला. पण छायाचित्रं तर आधीच सगळीकडे गेली होती. त्यावरून खेळण्यांचे आणि मॉडेलचे संच निघाले, आणि आजही कित्येकांच्या कपाटातलं ‘अपोलो ११’ खरं तर कधीच न उडालेल्या यानाच्या रंगात उभं आहे. चोखंदळ माणूस लांबूनच ओळखतो.

आपल्या छोट्या रॉकेटकडे वळू. वर जाताना रंगाचा फारसा उपयोग नसला तरी खाली आल्यावर मात्र सगळा खेळ रंगाचा असतो. छत्री वाऱ्यानं वाहते आणि रॉकेट गवतात, पिकात, झुडपात पडतं. तिथे ते वीस-तीस मीटरवरून दिसायला हवं. हिरव्या गवतात लाल रंग चांगला दिसेल असं वाटतं, पण ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही अशा माणसांना तो सापडत नाही, आणि सावलीत लाल सगळ्यांनाच काळपट दिसतो. वाळलेल्या सोनेरी गवतात पिवळा आणि साधा केशरी हरवतात. इथे बाजी मारतो तो फ्लुरोसंट रंग, त्यातही गुलाबी, कारण शेतात तसला गुलाबी सहसा दुसरं काही नसतं.

साधा केशरी रंग उन्हातला केशरी भाग परत पाठवतो आणि बाकीचा गिळतो. फ्लुरोसंट रंग गिळलेल्या भागातलाही काही परत करतो. अतिनील आणि निळा प्रकाश त्याच्यातले रेणू शोषून घेतात आणि ती ऊर्जा केशरी प्रकाश म्हणून बाहेर टाकतात. त्यामुळे त्याच्यावर जेवढा केशरी प्रकाश पडला त्याहून जास्त केशरी प्रकाश त्याच्यापासून निघतो. तो जळत असल्यासारखा वाटतो तो यामुळे. दिवसाच्या उजेडात चमकणारे हे रंग अमेरिकेतल्या बॉब आणि जो स्विट्झर या भावांच्या कामातून आले. १९३० च्या दशकात त्यांनी फ्लुरोसंट रंगांवर प्रयोग सुरू केले आणि पुढे त्यांची ‘डे-ग्लो’ ही कंपनी झाली.

या रंगाचे नखरेही आहेत. तो बराचसा पारदर्शक असतो, म्हणून खाली पांढरं अस्तर लागतंच. करड्या प्रायमरवर मारला तर मळका दिसतो. उन्हात त्याचे रेणू तुटत जातात आणि काही महिन्यांत तो फिका पडतो. वरून अतिनील अडवणारा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट दिला तर तो टिकतो, पण मग ज्या अतिनीलवर तो चमकतो त्यातलाही काही भाग अडतो. मी स्वतः क्लिअर देऊन टिकाऊपणा घेतला असता. रॉकेट कपाटात ठेवायचं नसून उडवायचंच असेल तर मात्र न दिलेला बरा. नोजकोन आणि पंख गुलाबी, मधली नळी काळी, ही माझ्या मते सगळ्यात कामाची जोडी. दिसायला ती गणपतीच्या मांडवासारखी होते, त्याला इलाज नाही.

आता फिनिश: तकतकीत की मॅट? इथे हवा काय म्हणते ते बघावं लागतं. सेकंदाला शंभर मीटर वेगानं जाणाऱ्या रॉकेटच्या अंगाला हवेचा जो पातळ थर चिकटून वाहतो, तो पुढच्या साधारण ७-८ सेंटिमीटरपर्यंत शांत राहू शकतो. त्यापुढे तो खवळतो. खवळलेल्या थरातही पृष्ठभागाला अगदी लागून काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) संथ पट्टी असते. त्या वेगाला ढोबळ हिशेब केला तर पंधरा-वीस मायक्रॉनपर्यंतचे उंचवटे या पट्टीत बुडून जातात आणि हवेला ते जाणवतच नाहीत. मॅट रंगातले कण त्याहून लहान असतात. म्हणजे हवेच्या दृष्टीनं मॅट आणि तकतकीत सारखेच. फरक पाडतात ते रंगात चिकटलेले केस आणि धूळ, ओघळ आणि बाल्साच्या रेषा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, आणि न भरलेलं लाकूड त्याहूनही खडबडीत. ‘ओपनरॉकेट’ या मोफत संगणक प्रणालीत हा फरक आकड्यांत दिसतो: न रंगवलेल्या पृष्ठभागाला ती १५० मायक्रॉन खडबडीतपणा धरते, नेहमीच्या रंगाला ६० आणि गुळगुळीत रंगाला २०. एकाच रॉकेटला तीन पर्याय देऊन उंची बघा. मेहनत कुठे घ्यायची ते लगेच कळतं.

ती घ्यायची रंगाखाली. बाल्साच्या पंखांना लाकडाच्या रेषा भरणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन-तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपरनं घासायचा. लाकडाच्या रेषा बोटाला लागेनाशा होईपर्यंत हे चालतं. नळीवर कागद गुंडाळल्याची तिरकी खाच असते, ती पातळ लांबीनं (पुट्टीनं) भरून घासायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि वरून दिसत नाही, म्हणून लोक ते टाळतात आणि वर रंगाचे चार हात चढवतात.

तिथे वजन आडवं येतं. अशा रॉकेटचं अंग साधारण चारशे चौरस सेंटिमीटर भरतं. अस्तर आणि रंग मिळून वाळलेला थर ६० मायक्रॉनचा धरला तर तीनेक ग्रॅम होतात, आणि मोटरशिवाय रॉकेटच असतं तीसेक ग्रॅमचं. उंची थोडी कमी होईल, पण खरी अडचण वजन कुठे बसतं याची आहे. पंखांवर सीलर, रंग आणि क्लिअर थापला की गुरुत्वमध्य शेपटीकडे सरकतो. तो हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूपेक्षा, किमान एक नळीची जाडी पुढे असावा असा नियम आहे. नसेल तर रॉकेट सरळ न जाता कोलांट्या खातं. म्हणून रंगवून झाल्यावर मोटर भरून, दोऱ्यावर तोलून पुन्हा बघायचं.

खुद्द नासानं रंगाचं वजन मोजलंय. १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत स्पेस शटलची मोठी बाह्य टाकी पांढरी होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून तो पांढरा रंग काढून टाकला आणि सुमारे २७० किलो वाचले. ही टाकी जवळजवळ कक्षेपर्यंत जायची, त्यामुळे वाचलेला प्रत्येक किलो जवळपास तेवढाच वाढीव माल नेऊ शकत होता. उरला तो उष्णतारोधक फोमचा स्वतःचा रंग. ताजा असताना पिवळट, उन्हात राहून केशरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे गेलेलं आर्टेमिस-१ चं रॉकेट याच कारणानं केशरी होतं.

रंगाचे डबे मिसळताना मात्र रसायनशास्त्र दयामाया दाखवत नाही. एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन सावकाश घट्ट होतो. वरून कोरडा लागला तरी आत दिवसेंदिवस कच्चा असतो. लॅकर नुसता थिनर उडून वाळतो. कच्च्या एनॅमलवर लॅकर मारला की त्याचा जालीम थिनर खालच्या थरात शिरतो, थर फुगतो आणि बघता बघता सगळ्या अंगावर सुरकुत्या येतात. उलटं, पूर्ण वाळलेल्या लॅकरवर एनॅमल, हे चालतं. सोपी परीक्षा वासाची: नाकाजवळ नेल्यावर रंगाचा वास येतोय तोवर पुढचा हात देऊ नये. दमट दिवशी लॅकर पांढुरका पडतो, कारण उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. मुंबईतल्या सुतारांना जुलैमधला हा त्रास चांगला ठाऊक आहे.

रॉकेटात जीपीएस ट्रॅकर बसवणार असाल तर त्या भागाला धातूचे कण असलेला चंदेरी रंग देऊ नका, रेडिओलहरी अडखळू शकतात. नोजकोनचा जो भाग नळीत शिरतो त्याला कागदी टेप लावूनच रंगवावं. तिथे रंग बसला तर नोजकोन घट्ट होतो, छत्री फेकणारा बार त्याला ढकलू शकत नाही आणि रॉकेट नाकावर जमिनीत घुसतं. उलटं धरल्यावर नोजकोन आपणहून पडू नये, पण हलक्या ओढीनं निघावा. नळीला बाहेरून चिकटवलेल्या बारक्या नळकांडीत, म्हणजे लगमध्येही रंगाचा थेंब सुकून बसतो, आणि तिच्यातून जाणाऱ्या उड्डाणाच्या सळईवर रॉकेट तिथेच अडकतं. पॉलिश पेपरची सुरळी करून तो आतून घासून घ्यावा आणि सळई एकदा आरपार सरकवून बघावी.