मीठ, ऑक्सिडीकारी ताण आणि जीवनसत्त्वे

मीठ जास्त खाल्ले की रक्तदाब वाढतो, हे आता घरोघरी माहीत आहे. रक्तदाब वाढण्याआधी, आणि काही माणसांत तो मुळीच न वाढता, मीठ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे काम बिघडवते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या बिघाडामागचे एक मोठे कारण म्हणजे ऑक्सिडीकारी ताण. पेशींत ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइडसारखी अतिक्रियाशील रूपे सतत तयार होत असतात आणि शरीर त्यांना आवरत असते. त्यांची निर्मिती आवरण्याच्या शक्तीपेक्षा वाढली की हा ताण येतो. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात. त्याने वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि रक्ताला वाट मोकळी होते. आहारात मीठ वाढले की एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जास्त सुपरऑक्साइड तयार करू लागते. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले की क्षणात एकत्र येऊन पेरॉक्सीनायट्राइट बनते. वाहिनी सैल करणारा वायू असा खर्ची पडतो आणि त्याच्या जागी पेशींना जाळणारे संयुग येते. हे संयुग टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या साहाय्यक रेणूचाही नाश करते. तो कमी पडला की नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकरच सुपरऑक्साइड बनवायला लागते. एकदा सुरू झालेले हे चक्र स्वतःलाच पोसत राहते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे.

या विषयातली बरीच समज उंदरांच्या एका वाणावर उभी आहे. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत ल्युइस डाल यांनी १९६० च्या दशकात निवड पद्धतीने दोन वाण तयार केले. एकाचा रक्तदाब मिठाने झपाट्याने वाढे, दुसऱ्याचा जवळजवळ नाही. मीठ न सोसणाऱ्या वाणाच्या मूत्रपिंडात सुपरऑक्साइड जास्त आढळते, आणि या उंदरांना क व ई ही प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे अशी अतिक्रियाशील रूपे निकामी करणारी, जीवनसत्त्वे दिल्यावर रक्तदाब आणि मूत्रपिंडाची हानी दोन्ही कमी झाली.

माणसांवरचा सर्वांत बोलका प्रयोग डेलावेअर विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. मिठाने रक्तदाब न वाढणाऱ्या निरोगी लोकांना आठवडाभर अगदी कमी आणि आठवडाभर खूप जास्त मीठ देण्यात आले. जास्तीच्या आठवड्यात ते रोज सुमारे २० ग्रॅम होते. रक्तदाब होता तिथेच राहिला, पण त्वचेतल्या सूक्ष्म वाहिन्या उष्णता देऊनही पूर्वीसारख्या रुंदावेनात. त्याच जागी क जीवनसत्त्व सोडल्यावर त्या पुन्हा रुंदावल्या.

मग क जीवनसत्त्वाची गोळी घेऊन खारट खावे का? नाही, आणि कारण समजून घेण्याजोगे आहे. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला ज्या वेगाने गाठते, त्याच्या हजारो पट मंदपणे ते क जीवनसत्त्वाशी अभिक्रिया करते. ही शर्यत जिंकायला त्या जागी जीवनसत्त्वाचे प्रचंड प्रमाण लागते. प्रयोगात ते थेट त्वचेत सोडून साधले. तोंडाने घेतलेले क जीवनसत्त्व मात्र रोज २०० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर रक्तात फारसे वाढत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते.

मोठ्या चाचण्यांचा निकालही हेच सांगतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील हृदयसंरक्षण अभ्यासात २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना ई, क आणि बीटा-कॅरोटिन (अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप) पाच वर्षे दिले, तरी हृदयविकार वा मृत्यू घटले नाहीत. फिनलंडमध्ये तर बीटा-कॅरोटिन घेणाऱ्या धूम्रपी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला (१९९४). प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तेव्हाच सोडायला हवी होती.

फळे-भाज्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांत जीवनसत्त्वांबरोबर मिठातल्या सोडियमचा परिणाम सौम्य करणारे पोटॅशियमही असते. अमेरिकेतील डॅश-सोडियम चाचणीत (२००१) ४१२ जणांना ठरावीक आहार देऊन मिठाच्या तीन पातळ्या तपासल्या. फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध असलेल्या आहारात मिठाचा परिणाम सौम्य होता. रक्तदाब सर्वाधिक उतरला तो असा आहार आणि कमी मीठ एकत्र आल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. भारतातल्या बहुतेक पाहण्यांत माणशी ८ ते ११ ग्रॅम मीठ आढळते. पाश्चात्त्य देशांत ते मुख्यतः तयार खाद्यपदार्थांतून येते, आपल्याकडे स्वयंपाकातून आणि ताटातून. पापड, लोणचे, खारवलेली मासळी हे त्याचे वाटेकरी आहेतच. पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, पण आपण तो तिखट-मीठ लावून खातो. नुसता पिकलेला पेरूही तितकाच चवदार लागतो. पोटॅशियमयुक्त मीठ हा पर्याय चीनमधल्या मोठ्या चाचणीत (२०२१) पक्षाघात कमी करणारा ठरला, मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.