ऑस्करला किती पाणी लागतं?

दुकानात पाच-सहा सेंटिमीटरचं ऑस्कर माशाचं पिल्लू दोन फुटी टाकीत मजेत फिरत असतं. गिऱ्हाइकाने शंका काढलीच तर ठरलेलं उत्तर येतं: "टाकी लहान असली की मासा लहानच राहतो." ही शुद्ध थाप आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा शिकारी मासा पोटभर खायला मिळालं तर पहिल्या वर्षी महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो आणि ३० सेंटिमीटरच्या आसपास पोचतो. लहान टाकीत काहींची वाढ खुंटते, पण ती पाणी बिघडल्यामुळे. कुपोषित मुलाला काटक म्हणण्यातलाच तो प्रकार.

माप आधीच सांगतो: एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. माशाला सहज वळता यावं म्हणून रुंदीत तडजोड नको, उंची थोडी कमी चालेल. ही टाकी २५५ लिटरची. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण २२० लिटर. जोडीसाठी सहा फुटी घ्या.

पण वळायला जागा हा मुद्दा दुय्यम. टाकीचं माप खरं तर माशाच्या पोटावरून ठरतं. मोठा ऑस्कर दिवसाला ५ ग्रॅम गोळीखाद्य खातो असं धरू. त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे २ ग्रॅम. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३२० मिलिग्रॅम. त्यातला ढोबळमानाने निम्मा अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो: रोज १६० मिलिग्रॅम. दोन फुटी टाकीतल्या ५० लिटर पाण्यात हे झाले लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम, चार फुटीत ०.७.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी विषारी, पण ते साचत जातं. वरचे आकडे नुसत्या नायट्रोजनचे होते; नायट्रेटमध्ये ऑक्सिजनचंही वजन येतं, म्हणून आठवड्यात लहान टाकीत ते लिटरमागे जवळपास १०० मिलिग्रॅमने वाढतं, मोठ्या टाकीत २२ ने. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर बदलण्याआधीची पातळी याच्या दुपटीवर स्थिरावते, म्हणजे लहान टाकीत २०० आणि मोठीत ४५. फिल्टर कितीही भारी घेतला तरी हा हिशोब बदलत नाही.

खरी गंमत यापुढे आहे. जिवाणूंच्या या कामात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खातं: एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. नळाच्या पाण्याची क्षारता लिटरमागे १५० मिलिग्रॅम धरली, तर लहान टाकीत ती आठवडाभरात संपते, मोठीत महिना टिकते. क्षारता संपली की पीएच कोसळतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं. सहाच्या आसपास जिवाणू जवळजवळ थंडावतात आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासा जगतो, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळपास सगळा अमोनिया अमोनियम आयन होऊन राहतो आणि तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. विषारी असतो तो मुक्त अमोनिया. २८ अंश तापमानाला त्याचं प्रमाण पीएच ६ ला ०.०७ टक्के, ७ ला ०.७, आणि ८ ला साडेसहा टक्के.

मग मालक एक दिवस "पाणी फार घाण झालंय" म्हणून निम्मं पाणी बोअरचं, अल्कधर्मी भरतो. पीएच ६ वरून साडेसातवर जातो. एकूण अमोनिया निम्मा झालेला असतो, पण मुक्त अमोनिया पंधरा पट होतो. रक्तातला अमोनिया कल्ल्यांतून बाहेर पडायला बाहेर तो कमी असावा लागतो. आता तो बाहेरच जास्त. मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो आणि मरतो. त्यावरून निष्कर्ष निघतो: "पाणी बदललं की मासे मरतात." मासा अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न असेल तर वास्तुवाले सांगतात की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. संकट त्याच्या कल्ल्यांशीच होतं, आणि अमोनिया-पीएचच्या साध्या किटने ते आदल्या दिवशी दिसलं असतं. अशा टाकीत खाणं थांबवून रोज दहा टक्केच पाणी बदलावं, क्लोरीन काढलेलं.

फिल्टर तासाला हजार-बाराशे लिटर पाणी फिरवणारा हवा, आणि मासा आणण्याआधी त्यात जिवाणू वाढावेत म्हणून चार ते सहा आठवडे अमोनियाचा खुराक देऊन चालवलेला. त्यातल्या सिरॅमिक रिंगा नळाखाली धुऊ नयेत, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्याव्यात. हीटरला जाळी बसवा, कारण ऑस्कर धडक देऊन तो फोडतो. जड झाकण लागतंच. १० मिलिमीटर काचेची ही टाकी भरल्यावर स्टँड सोडून ३०० किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो तुळईवर येईल अशी ठेवा, आणि तळाखाली थर्माकोलची शीट घाला.